वाहाकात महिनाभर तळ ठोकणं: निवांत प्रवास की नुसतंच स्वस्त भाडं?

निवांतराव

मेक्सिकोला जोडीने जायचं म्हटलं की बहुतेकांचा आराखडा ठरलेला असतो. मेक्सिको सिटी चार दिवस, पुएब्ला दोन, वाहाका तीन, उरलेले कानकुनच्या समुद्राला. (इंग्रजी स्पेलिंग वाचून 'ओक्साका' म्हणू नका, तिथल्या तोंडी ते 'वाहाका' असं येतं.) माझं म्हणणं असं की 28 दिवस हाताशी असतील तर ते सगळे एकट्या वाहाकाला द्यावेत.

कारण साधं आहे. वाहाका वसलंय त्या खोऱ्याचा आठवडा बाजारांवर चालतो. रविवारी त्लाकोलुला, बुधवारी एत्ला, गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान. तीन दिवसांच्या पाहुण्याला यातला एखादाच बाजार मिळतो, तोही फोटो काढत. चार आठवडे असले की प्रत्येक बाजाराला चार फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत नुसतं बघायचं, दुसऱ्या फेरीत घ्यायचं, तिसऱ्या फेरीला भाजीवाली ओळखते आणि वर एक जुडी टाकते. या वरच्या दानाला तिथे 'पिलोन' म्हणतात.

शहरही घाईने बघण्यासारखं नाही. 1532 साली शहराचा दर्जा मिळालेलं, हिरवट दगडाच्या बुटक्या इमारतींचं गाव. बुटक्या अशासाठी, की इथे भूकंप नेमाने येतात. 1987 पासून ते शेजारच्या डोंगरावरच्या मोन्ते अल्बान या प्राचीन नगराच्या अवशेषांसकट जागतिक वारसा यादीत आहे. मोन्ते अल्बानला दोनदा जावं, मधल्या दिवसात सांतो दोमिंगोच्या मठातलं संग्रहालय बघावं. 1932 मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांनी उघडलेल्या 7 क्रमांकाच्या थडग्यातलं सोनं तिथे आहे. ते बघून पुन्हा डोंगरावर गेलं की ओसाड वाटणाऱ्या चौथऱ्यांचा अर्थ लागू लागतो. सोमवारी संग्रहालय बंद असतं. तीन दिवसांचा प्रवासी नेमका सोमवारी तिथे पोचतो!

हिशेबनीस

असहमत. बाजारांचा मुद्दा मान्य, पण त्यासाठी महिना लागत नाही. एका रविवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत दहा दिवस राहा, चारही बाजार होतात. जुनं शहर चौकटीच्या वहीसारखं आखलेलं आहे, तीन-चार दिवसांत पायाखालचं होतं. उरलेले 18 दिवस त्याच गल्ल्यांत कशाला? फेब्रुवारी 2024 मध्ये समुद्राकडचा नवा महामार्ग सुरू झाला. पूर्वी किनाऱ्यावरच्या पुएर्तो एस्कोंदिदोला घाटातून सहा-सात तास उलट्या करत जावं लागे, आता साधारण तीन तासांत पोचतो. उत्तरेला सिएरा नोर्तेत सापोतेक या मूळनिवासी लोकांच्या गावांनी मिळून चालवलेल्या पायवाटा आणि लाकडी घरं आहेत. तिथे तीन रात्री काढल्या तर निवांतपणा याहून जास्त मिळेल.

दुसरा मुद्दा पैशाचा. ऑनलाइन भाड्याच्या घरांना 28 रात्रींपासून 'मासिक सवलत' लागते, त्या आकड्याला भुलून लोक घर घेतात. मोठ्या मुक्कामाचे रद्द करण्याचे नियम वेगळे आणि कडक असतात, हे पैसे भरल्यावर कळतं. साधारणपणे पुढच्या 30 दिवसांचं भाडं बुडीत धरायचं. आणि घर का नकोसं होतं? आवाजामुळे. फोटोत हालात्लाको या जुन्या वस्तीच्या रंगीत भिंती दिसतात, शनिवारी रात्रीचा बँड दिसत नाही. लग्नाची वरात म्हणजे 'कालेंदा'. पुढे कापडाचा अवाढव्य फिरता गोळा, मागे पितळी वाद्यं, त्यात बाणासारखे सुटणारे फटाके. देवळाच्या उत्सवात हे फटाके पहाटेही सुटतात.

महिना राहायचंच असेल तर पहिल्या पाच रात्री साध्या हॉटेलात काढा आणि पायी फिरून घर शोधा. दारावर 'से रेंता' ही पाटी म्हणजे 'भाड्याने देणे आहे'. बेत करत असलेल्या गल्लीत शनिवारी रात्री अकराला आणि रविवारी सकाळी सहाला एकेकदा उभं राहून या. देऊळ, बार आणि बसथांबा तिन्ही शंभर पावलांच्या आत असतील तर ते घर सोडून द्या.

चुलीवरची

दहा दिवस विरुद्ध महिना हा वाद खाण्याच्या बाजूने बघा, उत्तर सोपं होतं. दहा दिवस हॉटेलात राहून शाकाहारी माणसाचे हाल होतात, स्वयंपाकघर असलं की तेच शहर स्वर्ग.

'सिन कार्ने' म्हणजे मांसाशिवाय, एवढं सांगून भागत नाही. 'कार्ने' म्हणजे बहुतेकांच्या लेखी गुरा-डुकराचं मांस, त्यामुळे कोंबडी चालते असं समजतात. खरे दगाफटके तीन. काळ्या घेवड्याला डुकराच्या चरबीची फोडणी असू शकते, तिला 'मांतेका' म्हणतात. त्लायुदा, म्हणजे परातीएवढी कडक मक्याची पोळी, तिच्यावर पहिला थर त्याच चरबीच्या गाळाचा, त्याला 'आसिएंतो'. आणि भात, सूप, मोले (मिरच्या-मसाले वाटून केलेलं दाट कालवण) बहुधा कोंबडीच्या पाण्यात. म्हणून तीन शब्द पाठ करा: 'सिन मांतेका, सिन आसिएंतो, सिन काल्दो दे पोयो'. त्लायुदा समोर भाजत असेल तर आसिएंतोविना सहज मिळते. मोलेचं मात्र वाटण सकाळीच झालेलं असतं, त्यात काही काढता येत नाही. काटेकोर असाल तर मोलेचा नाद सोडा.

आता बाजार. 'बेर्दोलागा' म्हणून जी जुडी दिसेल ती आपली घोळ, तीच वनस्पती. 'किंतोनिल' म्हणजे माठ-राजगिऱ्याच्या जातीतला पाला. 'चेपिल' तागाच्या कुळातला, पावसाळ्यात भरपूर येतो, भाताला किंवा तामालला (पानात गुंडाळून उकडलेलं मक्याचं पीठ) घालतात. भोपळ्याची फुलं ढिगाने. 'आलेग्रिया' म्हणजे उघडउघड राजगिऱ्याची चिक्की. मसूर कुठेही मिळते, तूरडाळ आणि हिंग नाही, ते पिशवीत न्या. जिरे, धणे, लवंग सगळं आहे.

शहराची उंची साधारण 1,550 मीटर, पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं. काळा घेवडा रात्रभर भिजवला तरी उघड्या पातेल्यात दोन-तीन तास मागतो. भाड्याच्या घरात कुकर असेलच असं नाही, आपला तीन लिटरचा कुकर गॅसवर बिनधास्त चालतो. मिक्सर मात्र नेऊ नका. तिथे वीज 127 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपला 230 व्होल्टचा मिक्सर घरघरतो, वाटत नाही. बाजारात दगडी खल मिळतो.

हिरव्या लुकणाची आत्सोम्पा गावची मडकी सुंदर असतात, पण जुन्या पद्धतीच्या लुकणात शिसं असतं. त्यात चिंच, टोमॅटो, लिंबू शिजवू नका. 'सिन प्लोमो' असं विचारून घ्या, नाहीतर शोभेला ठेवा.

आणि चॉकलेट. '20 दे नोव्हिएम्ब्रे' नावाच्या बाजाराच्या दक्षिणेला मिना रस्त्यावर गिरण्या आहेत, आपल्या पिठाच्या गिरणीसारख्याच. भाजलेल्या कोकोच्या बिया, साखर, बदाम आणि दालचिनी आपण सांगू त्या प्रमाणात वरून ओततात. किलोभर बियांना किलोभर साखर घेतली तर कडसर, दोन किलो घेतली तर तिथल्या लोकांच्या चवीचं. दालचिनी सिलोनची, पातळ, बोटांत चुरणारी. खालून निघतो तो गरम, चकचकीत, सैल लगदा. तो घरी नेऊन दोन तासांत तेलाचा हात लावलेल्या ताटात थापायचा आणि वड्या पाडायच्या. पिशवीतच राहिला तर दगड होतो. मग पाण्यात किंवा दुधात उकळून लाकडी रवीने फेस काढायचा. रवी म्हणजे अगदी आपली, दोन तळव्यांत फिरवायची. दहा दिवसांच्या सहलीत हे कोण करणार?

खडूस

सगळे खाण्यात रमलात, पाण्याचं कोणी बोलत नाही.

वाहाकात नळाला रोज पाणी येत नाही. भागाभागाने पाळी असते, मधे काही दिवस कोरडे जातात, आणि फेब्रुवारी ते मे हे अंतर वाढतं. पाणी आधी जमिनीतल्या टाकीत येतं ('सिस्तेर्ना'), पंपाने गच्चीवर चढतं ('तिनाको'). तिनाको सहसा 1,100 लिटरचा. दोन माणसं मिळून दिवसाला 300 लिटर धरा, आंघोळ, फ्लश, कपडे, भांडी. साडेतीन दिवसांत तिनाको रिकामा. 28 दिवसांचे 8,400 लिटर होतात. टँकर, म्हणजे 'पिपा', 10,000 लिटरचा येतो. थोडक्यात, महिनाभर राहणारं एक जोडपं जवळजवळ एक टँकर पितं. मालक तो मागवतो कारण पाहुण्याच्या भाड्यात ते परवडतं. शेजारच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला परवडत नाही.

त्याच कुटुंबाचा भाडेकरार संपला की ते घरही पाहुण्यांना जातं. जानेवारी 2024 मध्ये याच कारणावरून शहरात मोर्चा निघाला होता. हॉटेलची खोली निदान कोणाचं राहतं घर नव्हती. तेव्हा 'निवांत प्रवास शहराला सोसवतो' हे मला पटत नाही. तीन दिवसांचा प्रवासी हॉटेलात राहून जातो, महिनाभराचा घर अडवतो.

निवांतराव

खडूस, हिशेब बरोबर, निष्कर्ष अर्धा. हॉटेलातला पाहुणा काय कोरडा राहतो? चादरी आणि टॉवेल रोज धुतले जातात, ते पाणी दिसत नाही इतकंच. घराबद्दलचा आक्षेप मात्र खरा आहे, तो टाळता येतो. जिथे मालक स्वतः राहतो अशा घराच्या अंगणातली खोली घ्या. जुन्या वाड्यांत मधल्या चौकाभोवती अशा खोल्या असतात. स्वयंपाकघर सामायिक असेल, तेवढं सोसा. एकाच मालकाची दहा घरं एकाच रंगाच्या उशांसकट दिसली की समजायचं की तो धंदा आहे.

आणि 300 लिटर ही चैन झाली. बादलीने आंघोळ करणाऱ्या माणसाला 80 पुरतात. ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

चाकरमानी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी वेगळी गोम. भारतीय पासपोर्टवर चालू अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. कमाल मर्यादा 180 दिवसांची, पण किती दिवस द्यायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. परतीचं तिकीट आणि घराचा पत्ता कागदावर ठेवा, आणि शिक्क्यावरचा आकडा काउंटर सोडण्याआधी वाचा.

एच-1बी (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) वाल्यांचा पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर मेक्सिकोहून जुन्या शिक्क्यावर परतण्याची सवलत आहे, पण ती 30 दिवसांपर्यंतच्याच फेरीला, आणि आय-94 (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) चालू हवा. शिवाय अशा वेळी मेक्सिकोचा व्हिसा आधी काढावा लागतो, कारण संपलेला अमेरिकन व्हिसा तिथे चालत नाही. 28 रात्रींचं घर घेऊन त्याच्या मागेपुढे मेक्सिको सिटीचे चार दिवस जोडले की मर्यादा ओलांडली. बोटांवर मोजा.

भारतातल्या ऑफिसचं काम तिथून करायचा विचार असेल तर सोडून द्या. अंतर साडेअकरा तासांचं. भारतातले सकाळचे दहा म्हणजे वाहाकात आदल्या रात्रीचे साडेदहा. एकाने रात्रभर काम आणि दिवसा झोप, दुसऱ्याने एकट्याने बाजार, हा कसला जोडीचा प्रवास?

उंटावरचा शहाणा

जोडीचा विषय निघालाच आहे म्हणून. महिनाभरात भांडणं होतात ती छोट्या गोष्टींवरून, आणि त्या आधी वाटून घेता येतात. पिण्याच्या पाण्याचा 20 लिटरचा 'गार्राफोन' कोण उचलणार. शौचाचा कागद टोपलीत टाकायचा, कमोडमध्ये नाही, ती टोपली रोज कोण रिकामी करणार. गिझर गॅसचा असतो, विझला की पायलट ज्योत दोघांनाही पेटवता आली पाहिजे. बटण दाबून साधारण अर्धा मिनिट धरायचं, लगेच सोडलं की ज्योत जाते.

रोकड 15 तारखेला आणि महिनाअखेरीला काढू नका, तो पगाराचा दिवस, एटीएमपुढे रांगा लागतात. मशीन 'चलनाचं रूपांतर करू का' विचारतं तेव्हा नाही म्हणा, दर वाईट असतो.

चपला आणि किल्ल्या रात्री दाराजवळ. भूकंपाचा इशारा खांबावरच्या भोंग्यातून वाजतो, तेव्हा मिळतात ते काही सेकंद.

हिशेबनीस

विमान गाठण्याचं राहिलं. विमानतळ शहराच्या दक्षिणेला, एरवी अर्ध्या तासाच्या आतली वाट. पण रस्ता अडवून आंदोलन करणं तिथे सर्रास चालतं, मे-जूनमध्ये शिक्षक संघटनेचा तळ मुख्य चौकातच पडतो. तीन तास हाताशी ठेवून निघा, आणि आदल्या रात्री टॅक्सीवाल्याला 'ब्लोकेओ' आहे का ते विचारा. त्याला बातम्यांच्या आधी कळतं.

माझं मत तरीही दहा दिवसच. फार तर चुलीवरचींच्या चॉकलेटसाठी अकरा.

खडूस

निवांतराव, अंगणातल्या खोलीचं मान्य. पण मार्च-एप्रिलमध्ये तरी जाऊ नका. पावसाळा बघा, जून ते सप्टेंबर. पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो, सकाळ मोकळी मिळते. फक्त जुलैच्या उत्तरार्धातले सोमवार टाळा, गेलागेत्साच्या नाचांना गर्दी होते आणि भाडं चढतं.

चुलीवरची

आणि चेपिलही तेव्हाच येतो, म्हणजे आमचंही जमलं. घर ठरवण्याआधी मालकाला हा एक प्रश्न पाठवा, फोनवर विचारता यावा म्हणून देवनागरीत लिहिते: 'दे क्वांतोस लीत्रोस एस ला सिस्तेर्ना, इ कादा क्वांदो काए एल आग्वा?' म्हणजे टाकी किती लिटरची आणि पाणी किती दिवसांनी 'पडतं'. उत्तरात आकडे आले तर घर बघायला जा. 'नो से प्रेओकुपे', म्हणजे काळजी करू नका, एवढंच आलं तर दुसरं घर शोधा.