विषय: १४ तारखेच्या दिवाळी कार्यक्रमात सर जॉन क्रॉफ्टन यांच्यासाठी दहा मिनिटं

प्रेषक: डॉक्टरकाका, एडिंबरा

मंडळी,
क्षयरोगाचे डॉक्टर सर जॉन क्रॉफ्टन मंगळवारी, ३ नोव्हेंबर २००९ ला गेले. वय ९७. पत्रिका आज रात्री छापायला जाते आहे असं कळलं, म्हणून घाईने लिहितोय. नाटकाआधी दहा मिनिटं हवीत. भाषण लिहून तयार आहे. फोटो, हार काही नको, माईक दिला की झालं.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

डॉक्टरकाका, नमस्कार. ऐकून वाईट वाटलं. पण नाटकाआधी खरंच जागा नाही. हॉल सहाला मिळतो आणि दहाला किल्ली परत द्यायची. मुलांची गाणी, नाटक, जेवण, आवराआवर. गेल्या वर्षी पानं उशिरा वाढली गेली तेव्हा काय झालं ते सर्वांना आठवत असेलच. शिवाय दिवाळीच्या आनंदात श्रद्धांजली कशी दिसेल? जानेवारीत तिळगुळाला निवांत घेऊ या का?

प्रेषक: ॲबर्डीनचे काका

समितीचं बरोबर आहे. क्रॉफ्टन मोठे डॉक्टर असतील, पण मंडळाशी त्यांचा संबंध काय? आपले पहिले खजिनदार गेले तेव्हा या ई-मेल यादीवर दोन ओळी आल्या, स्टेजवरून कुणी नावही घेतलं नाही. आधी आपल्या माणसांचं करा, मग इतरांचं. हे मी तेव्हाही बोललो होतो.

प्रेषक: डंडीच्या काकू

काका, संबंध मी सांगते. माझी आत्या १९५६ मध्ये मिरजेच्या क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासरच्यांनी तिचं ताट-वाटी वेगळं केलं, मग तिलाच माहेरी आणून सोडलं. रोज कमरेत इंजेक्शन आणि पीएएस या क्षयाच्या औषधाच्या पुड्या. त्या पुड्या घशाखाली उतरायच्या नाहीत, मळमळायचं, पण नर्स समोर उभी राहून घ्यायला लावायची. आत्या बरी झाली आणि पुढे शाळेत शिकवत राहिली. सासरी मात्र तिला परत कुणी नेलं नाही. हे डॉक्टर त्याच औषधांच्या कामातले असतील तर मला त्यांच्याबद्दल ऐकायचं आहे, आणि जानेवारीपर्यंत थांबायचं नाही.

प्रेषक: डॉक्टरकाका

काकू, त्याच औषधांच्या कामातले.

क्रॉफ्टन १९१२ साली डब्लिनमध्ये जन्मले. युद्धानंतर लंडनच्या ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये असताना स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या नव्या औषधाच्या चाचणीत त्यांनी काम केलं. एकूण १०७ रुग्ण. औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ गेले, नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४. सगळे हरखले. पण पाच वर्षांनी हा फरक बराचसा पुसला गेला. एकट्या औषधाला दाद न देणारे थोडे जंतू मागे उरतात आणि तेच वाढतात. रोगी महिना-दोन महिने सुधारतो आणि पुन्हा खोकू लागतो.

१९५२ मध्ये ते इथे एडिंबऱ्यात प्राध्यापक म्हणून आले. तेव्हा या शहरात क्षय वाढत होता, खाटेसाठी लोक ताटकळत होते. त्यांनी स्ट्रेप्टोमायसिन, पीएएस आणि आयसोनियाझिड ही तिन्ही औषधं एकदम सुरू केली. प्रत्येकाच्या थुंकीतले जंतू कोणत्या औषधाने मरतात ते प्रयोगशाळेत तपासून मग त्यातली दोन दीड-दोन वर्षं चालू ठेवायची. रोगी बरा दिसतो म्हणून एक दिवसही खंड नाही. काही वर्षांत रुग्णांची नोंद निम्म्यावर आली. बाहेरच्या डॉक्टरांचा विश्वास बसेना, म्हणून अनेक देशांत मिळून चाचणी घ्यावी लागली. सत्तरच्या दशकात मी इथे उमेदवारी केली ती याच शिस्तीत. पुढे छातीच्या वॉर्डात माझी सगळी नोकरी त्यावरच झाली.

१९७७ ला निवृत्त झाले, तरी थांबले नाहीत. धूम्रपानाविरुद्ध त्यांनी आणि पत्नी आयलीन यांनी बरोबरीने काम केलं. गरीब देशांतल्या आरोग्यसेवकांसाठी दोन सहकाऱ्यांबरोबर क्षयावर सोपं पुस्तक लिहिलं, ते १९९२ मध्ये निघालं, म्हणजे वयाच्या ऐंशीव्या वर्षी.

आपले पहिले खजिनदार माझे शेजारी होते. त्यांचं नावही घेईन.

प्रेषक: ग्लासगोहून एक सभासद

काकांनी मद्रासचाही उल्लेख करावा. सॅनेटोरियमशिवाय घरी राहूनही रोगी बरा होतो हे तिथे सिद्ध झालं.

प्रेषक: डॉक्टरकाका

करीन, पण ते काम क्रॉफ्टन यांचं नव्हे. १९५६ ते ५९ चा तो अभ्यास ब्रिटिश डॉक्टर वॉलेस फॉक्स आणि मद्रासच्या क्षय-संशोधन केंद्राचा. १९३ रुग्ण, निम्मे घरी, निम्मे सॅनेटोरियमात, औषधं तीच. निकालात फारसा फरक नाही आणि घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. काकूंच्या आत्याचं ताट वेगळं करायची गरज नव्हती. हे मी स्टेजवरून सांगणारच आहे, कारण आपल्याकडे अजूनही टीबी म्हटलं की लोक आवाज खाली आणतात.

प्रेषक: नाटक विभाग

मध्यंतर पंधरा मिनिटांचं आहे. दहाचं केलं तर पाच मिनिटं मिळतील. नाटकातला एकही प्रसंग कापणार नाही, तीन महिने तालमी चालल्या आहेत.

प्रेषक: चहा-फराळ

मध्यंतराला हात लावू नका. एकच बॉयलर आहे, दहा मिनिटांत एवढ्या लोकांना चहा होत नाही. समईनंतर अध्यक्षांचं आणि सचिवांचं अशी दोन मनोगतं आहेत, त्यातलं एक कमी करा.

प्रेषक: सचिव

माझं मनोगत मी काढतो. त्याची सहा मिनिटं डॉक्टरकाकांना. दीपप्रज्वलन, मग क्रॉफ्टन आणि पहिले खजिनदार यांची आठवण, मग मुलं. पत्रिकेत तसा बदल करून फाईल रात्री नऊला पाठवतो. ॲबर्डीनच्या काकांनी खजिनदारांची सालं त्याआधी मला कळवावी.

प्रेषक: डॉक्टरकाका

सहा पुरतील. ब्रॉम्प्टनचा भाग दोन वाक्यांत आटपतो, पुड्यांचा पूर्ण ठेवतो. काकू, आत्याची गोष्ट नाव न घेता सांगितली तर चालेल का?

प्रेषक: डंडीच्या काकू

नाव घेऊन सांगा. फोनवर सांगते.