अर्थ घडतो तो यंत्रासारखा का?

प्रश्न :
विचारात अर्थ कसा आकाराला येतो हे सांगताना आपण सहजच यंत्राची भाषा वापरतो : दुवे जुळतात, चक्रे फिरतात, तर्क अडकतो. अशा रूपकातून खरोखर काही कळते, की केवळ कळल्याचा भास होतो? विचार करणारे यंत्र गिरणीएवढे मोठे करून आपण आत शिरलो तरी एकमेकांना ढकलणारे भागच दिसतील, जाणीव दिसणार नाही, असे जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझने १७१४ मध्ये म्हटले होते. हाच आक्षेप अर्थालाही लागू पडतो, असे मला वाटते.

प्रतिसाद १ :
तो आक्षेप जाणिवेविषयी आहे. अर्थावर जसाच्या तसा लादता येणार नाही. भौतिकशास्त्रज्ञ केल्विनचे भरती-ओहोटीचे भाकीत करणारे यंत्र घ्या. त्यात एकाच तारेने जोडलेल्या अनेक कप्प्या आपापल्या गतीने वरखाली होत, त्या हालचालींची बेरीज होई आणि कागदावर येणाऱ्या भरतीची वक्ररेषा उमटे. आत शिरणाऱ्याला तेथे समुद्र दिसला नसता, तरी प्रत्येक कप्पी भरतीच्या एकेका घटकाच्या जागी उभी होती. केनेथ क्रेक या मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये याच यंत्राचा दाखला देऊन, विचार म्हणजे बाहेरच्या घडामोडींची मनातली चालती प्रतिकृती, अशी मांडणी केली. तेव्हा अर्थ शोधायचा तो यंत्राची रचना आणि जग यांच्या संबंधात.

प्रश्नकर्ता :
मान्य, परंतु कोणती कप्पी कशासाठी, हे केल्विनला ठाऊक होते, यंत्राला नव्हे. मनात ही जुळणी कोण करतो?

प्रतिसाद २ :
मला अडचण दुसरीकडे दिसते. चक्राचे दाते जोडणीपूर्वीच कापलेले असतात. शब्दांचे तसे आहे का? मीमांसा दर्शनातील कुमारिल भट्टांच्या अभिहितान्वयवादानुसार पदे (वाक्यातील शब्द) आधी आपापले अर्थ सांगतात आणि मग त्या अर्थांचा अन्वय, म्हणजे परस्परसंबंध, लागतो, तर त्याच दर्शनातील प्रभाकरांच्या अन्विताभिधानवादानुसार पद मुळातच इतरांशी अन्वित असलेला अर्थ सांगते. पहिले मत यंत्राच्या रूपकात सहज बसते (जरा जास्तच सहज). दुसऱ्यासाठी मात्र दुसऱ्या चक्रात गुंततानाच ज्याचे दाते घडतात असे चक्र कल्पावे लागेल. ‘त्याने हात वर केले’ हे पकडलेल्या चोराविषयी आणि जबाबदारी झटकणाऱ्या भागीदाराविषयी म्हणून पाहा. पदे तीच राहतात, अर्थ मात्र बदलतो.

प्रतिसाद ३ :
असे चक्र अगदीच अशक्य नाही. कृत्रिम न्यूरल नेटवर्कमध्ये, म्हणजे मेंदूतील पेशींच्या जाळ्यावर बेतलेल्या संगणकीय रचनेत, जोडण्यांचे भार (कोणती जोडणी किती प्रभावी हे सांगणारे आकडे) चुकांनुसार बदलत जातात आणि कोणती जोडणी कशासाठी हे कोणी आधी ठरवलेले नसते. मात्र चूक कशाला म्हणायचे हे तेथेही बाहेरूनच ठरते. त्यामुळे प्रश्नकर्त्यांचा ‘कोण’ एक पायरी मागे सरकतो एवढेच.