कर्ज फिटेपर्यंत जगणे तहकूब ठेवायचे का?

उंबरठा

'शून्यऋण' यांच्या कालच्या टिपणाला दोन ओळींत उत्तर देणार होते, पण त्याखाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची जी रांग लागली ती पाहून सविस्तर लिहिणे भाग पडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गृहकर्ज शिल्लक असेपर्यंत घरात रंग, दुरुस्ती, नवे सामान यांपैकी काहीही करू नये, सहली, मुलांचे छंदवर्ग, पाहुणेरावळे हे सारे कर्जमुक्तीनंतर, आणि वाचलेली प्रत्येक रक्कम मुद्दलात भरावी. त्यांनी स्वतः या मार्गाने वीस वर्षांचे कर्ज निम्म्याहून कमी काळात फेडले, याबद्दल त्यांचे मनापासून अभिनंदन.

मात्र व्याज फक्त बँकच लावते, असे त्यांनी गृहीत धरलेले दिसते. आम्ही सध्याचे घर ज्या गृहस्थांकडून घेतले, त्यांनी आपले कर्ज मुदतीच्या कितीतरी आधी फेडले होते आणि व्यवहाराच्या प्रत्येक भेटीत ते ही गोष्ट आवर्जून सांगत. खिडकीखालच्या भिंतीला मात्र लोणा लागलेला होता. बोट टेकवले की रंगाचा पापुद्रा सुटे आणि पांढरी भुकटी बोटाला लागे. 'एवढे कर्ज फिटू दे, मग बघू' असे म्हणत ती भिंत वर्षानुवर्षे तशीच ठेवली गेली, हे त्यांच्या पत्नीनेच मला सांगितले. आम्ही गिलावा उतरवला तेव्हा आतल्या तुळईची सळई गंजून फुगलेली निघाली, आणि जे काम बाहेरच्या भेगा बुजवून भागले असते ते तुळई मोकळी करण्यापर्यंत गेले.

आणि माणसांचे काय? वीस वर्षांचे कर्ज दहा वर्षांत फेडले, तरी ती दहा वर्षे नेमकी कोणती असतात हे पाहावे. मुले घरात असण्याची आणि आईवडील हिंडतेफिरते असण्याची हीच वर्षे असतात. ठरलेला हप्ता चुकवू नये आणि महागडी कर्जे आधी मोडून काढावीत, याबद्दल माझा वाद नाही. गृहकर्जाची जादा परतफेड हा घरातला पहिला खर्च आहे, हे मात्र मला मान्य नाही.

शून्यऋण

माझे म्हणणे सोयीस्करपणे ताणून मांडले आहे, तरीही उत्तर देतो. गळक्या छपराखाली बसा असे मी लिहिलेले नाही. माझा रोख सुशोभनावर होता.

आता आकडे पाहू. कर्ज १०० धरा, व्याजदर ९ टक्के आणि मुदत २० वर्षे. पहिल्या हप्त्यातील सुमारे ८३ टक्के रक्कम व्याजात जाते. दहा वर्षे इमानेइतबारे हप्ते भरल्यावरही १०० पैकी ७१ मुद्दल शिल्लक असते आणि शेवटपर्यंत एकूण २१६ भरावे लागतात. याच कर्जात दरवर्षी फक्त एक जादा हप्ता भरला, तर ते साधारण साडेसोळा वर्षांत संपते आणि १०० मागे सुमारे २३ इतके व्याज वाचते. सुरुवातीच्या वर्षांत भरलेली जादा रक्कम सर्वांत अधिक व्याज वाचवते, आणि नेमकी तीच वर्षे आपण 'मुले लहान आहेत' म्हणून उधळतो.

माझ्या वडिलांनी प्रत्येक पगारवाढीला एक नवा हप्ता लावला. बैठकीची खोली दृष्ट लागण्यासारखी होती. ते निवृत्त झाले तेव्हा घर देखणे होते आणि कर्ज उभे होते. वसुलीवाल्यांचा फोन आला की आई आम्हाला 'बाबा घरात नाहीत' असे सांगायला लावत असे. ते कर्ज पुढे मी फेडले. तेव्हा 'जगणे तहकूब' वगैरे शब्द मला ऐकवू नका. राहिले तुमचे पूर्वीचे मालक. ते कर्ज फेडून, भिंत तुमच्या गळ्यात बांधून मोकळे झाले. यात हिशेब कोणाचा चुकला, हे आपणच ठरवा.

गच्चीवरून

शून्यऋण, आपल्या वडिलांची गोष्ट वाचून वाईट वाटले. आता दुसऱ्या टोकाची ऐका. माझ्या वडिलांनी अगदी आपल्याच पद्धतीने कर्ज फेडले. त्या काळात 'घरी मित्रांना बोलावू का' असे मी विचारणे कधीतरी सोडून दिले, कारण उत्तर पाठ झाले होते. कर्ज फिटल्याचे पत्र आले तेव्हा मी शिक्षणासाठी घराबाहेर पडलेलो होतो. मग वडिलांनी हौसेने माझी खोली रंगवून घेतली, नवे टेबल आणि पुस्तकांचे कपाट केले. त्या खोलीत आता इस्त्रीचे कपडे ठेवतात. माझा राग नाही. पण काटकसरीची सवय हप्त्यांबरोबर संपत नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळते: कर्ज नसलेल्या घरातही ते आजवर आईच्या मागे फिरून दिवे मालवत असतात.

ओळंबा

बांधकामाच्या क्षेत्रात आयुष्य गेले, म्हणून मध्ये बोलतो. 'घरावरचा खर्च' असे एकच गाठोडे करून आपण सगळे भांडत आहात. पाणी, वीज आणि पाय घसरण्याच्या जागा या तिन्हींचे काम थांबवता येत नाही. बाकीचे कितीही थांबते.

लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक होते. आत जागा नसल्याने तो भोवतीचे काँक्रीट फोडून बाहेर येतो, मग त्या भेगेतून आणखी पाणी शिरते आणि पुढची सळई गंजते. म्हणून दोन वर्षे पुढे ढकललेली गळती दुप्पट खर्चावर थांबेल असे कोणी समजू नये.

आता मनातली जळजळ सांगतो. लोक माझ्याकडे येतात ते ओल झाकायला. बाहेरची भेग, गच्चीचा उतार, तुंबलेली पन्हळ यांविषयी बोलायला लागलो की त्यांचे लक्ष नसते. आतून चांगला रंग कोणता, एवढेच विचारतात. ओल्या भिंतीवर महाग रंग चढवायचा आणि वर्षभरात पोपडे निघाले की रंगाऱ्याला शिव्या द्यायच्या! अशा लोकांनी खरोखरच शून्यऋण यांचे ऐकून सगळे पैसे बँकेत भरावेत. भिंतीचे तरी नुकसान होणार नाही.

हिशेबनीस

मूळ प्रश्न राहू द्या, मला यातला खरा सापळा दाखवायचा आहे. घराच्या कामासाठी बहुतेक लोक गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे चालू कर्जाला जोडून मिळणारे वाढीव कर्ज, घेतात आणि 'स्वस्तात मिळाले' म्हणून खूश होतात. समजा कामाचा खर्च १०० आहे. टॉप-अप ९ टक्क्यांनी, उरलेल्या १५ वर्षांच्या मुदतीवर घेतले, तर एकूण १८३ भरावे लागतात. तीच रक्कम वैयक्तिक कर्ज म्हणून १४ टक्क्यांनी घेऊन ३ वर्षांत फेडली, तर १२३ भरावे लागतात. दर कमी असूनही व्याज तिपटीहून अधिक! रंग उडून पुन्हा रंगवण्याची वेळ आली तरी आधीच्या रंगाचा हप्ता चालूच असतो.

दुसरा हप्ता

हिशेबनीस, आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती. आपण १५ वर्षांची तुलना ३ वर्षांशी करत आहात. टॉप-अपसुद्धा ३ वर्षांतच फेडायचे ठरवले, तर ९ टक्क्यांनी एकूण ११४.५ भरावे लागतील, म्हणजे आपल्या १२३ पेक्षा कमीच. फरक मुदतीचा आहे, त्याचे खापर टॉप-अपवर कशाला?

हिशेबनीस

फेडायचे 'ठरवले' तर! कागदावर सगळेच ठरवतात. टॉप-अप घेऊन त्याच्या तिप्पट वेगाने स्वेच्छेने भरणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. वैयक्तिक कर्जाचा हप्ता जड असतो म्हणूनच तो भरला जातो. टॉप-अपचा हप्ता इतका हलका वाटतो की पुढच्या वर्षी माणूस आणखी एक घेतो.

दुसरा हप्ता

तो माणूस आपल्याशी आत्ता बोलतो आहे. आई आमच्याकडे राहायला आली तेव्हा न्हाणीघर मोडून नवे करणे टाळता येणार नव्हते. टॉप-अप घेतले, स्वयंचलित सूचना लावून दरमहा ठरावीक जादा रक्कम मुद्दलात जमा केली आणि ते संपवले. ज्या महिन्यात मुलाची शस्त्रक्रिया झाली, त्या महिन्यात ती जादा रक्कम थांबवता आली. आपल्या जड हप्त्याने मला ती मोकळीक दिली असती का? शिस्त नसलेल्यांसाठी काढलेला नियम सर्वांच्या डोक्यावर मारण्यात आपल्याला कसला आनंद मिळतो, हे कळत नाही.

हिशेबनीस

शिस्त नसलेलेच बहुसंख्य असतात आणि सल्ला बहुसंख्यांसाठी असतो. आपण अपवाद आहात, आपले कौतुक आहे. आणखी एक गोष्ट आपण शिताफीने वगळली: टॉप-अपला तारण घर असते. वैयक्तिक कर्ज थकले तर बँक मागे लागेल, पतही जाईल. पण टॉप-अप थकले तर आईसाठी बांधलेल्या न्हाणीघरासकट घर जाईल.

दुसरा हप्ता

घर मूळ कर्जाला आधीपासूनच तारण आहे. टॉप-अप न घेतल्याने ते सुटत नाही. माझ्या आईला यात ओढण्याचे कारण नव्हते.

हिशेबनीस

आईंचा उल्लेख मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

आवराआवर

टॉप-अपचा संग्राम आटोपला असेल तर एक विचारते. कोणाच्याही हिशेबात दुसरी कर्जे कशी नाहीत? आमच्याकडे गृहकर्जाशिवाय क्रेडिट कार्डाची थकबाकी, गाडीचे कर्ज आणि नणंदेकडून घेतलेली हातउसनी रक्कम होती. कार्डाला महिन्याला ३ टक्के व्याज लागत असेल, तर न फेडलेली रक्कम २४ महिन्यांत दुप्पट होते. असे असताना गृहकर्जात जादा भरणे म्हणजे निव्वळ समाधान विकत घेणे. महाग दराचे आधी फेडावे हे गणित मलाही येते. पण प्रत्यक्षात मी नणंदेचे बिनव्याजी पैसे सर्वांत आधी परत केले, कारण घरातील प्रत्येक कार्यात ती माझ्या अंगावरच्या साडीकडे ज्या नजरेने पाहत असे, त्या नजरेचे व्याज कोणत्याही कोष्टकात बसत नव्हते. डेव्हिड गाल आणि ब्लेकली मॅकशेन यांचा २०१२ चा शोधनिबंधही हेच सांगतो, की एकेक खाते पूर्ण बंद करत जाणारे लोक कर्जातून बाहेर पडण्याची शक्यता अधिक असते, मग त्या खात्यातील रक्कम लहान का असेना.

शून्यऋण

नणंदेच्या नजरेवर धोरण ठरवायचे असेल तर आकडे बोलणाऱ्यांनी रजा घेतलेली बरी. तो निबंध कर्जात बुडालेल्यांविषयी आहे. येथे चर्चा वेळेवर हप्ते भरणाऱ्यांची चालली आहे.

आवराआवर

वेळेवर हप्ते भरणारी माणसे बुडत नाहीत, असे आपल्याला कोणी सांगितले? माझ्या दिरांची नोकरी गेली तेव्हा त्यांनी गृहकर्जात भरभरून जादा रक्कम जमा केलेली होती आणि बचत खात्यात एका महिन्याचाही खर्च नव्हता. बँकेने ते पैसे परत दिले नाहीत. 'आपण मुदतीच्या पुढे आहात' असे कौतुक करून पुढच्याच महिन्याचा हप्ता मागितला. भिंतीत घातलेला पैसा भिंत परत देत नाही आणि मुद्दलात घातलेला पैसा बँक परत देत नाही. तीन ते सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवल्याशिवाय जादा परतफेडीची फुशारकी कोणी मारू नये.

गच्चीवरून

काही बँकांत जादा रक्कम कर्जाला जोडलेल्या खात्यात ठेवता येते; तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडली तर ती काढताही येते. दर मात्र जरा चढा असतो.

शून्यऋण

त्या खात्याची सोय मला माहीत आहे. आमच्या घरात असे खाते असते तर त्यातले पैसे पहिल्याच वर्षी सोफ्यात गेले असते. माझ्या पत्नीचे हे मत नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. तिच्या मते सोफ्याचा हट्ट माझाच होता.

एकूण चर्चेवरून एवढे मान्य करतो, की गळती, जुनी वीजजोडणी आणि वृद्धांच्या न्हाणीघरातील आधाराच्या दांड्या यांना माझा नियम लागू नाही. सहा महिन्यांच्या खर्चाची तरतूदही आधी करावी. आता यावरून कोणी स्वयंपाकघरातील चकचकीत कपाटांसाठी कर्ज काढायला धावू नये, म्हणजे मिळवली.

उंबरठा

आपल्या मूळ टिपणातील वाक्य 'दुरुस्तीसह काहीही नको' असे होते. ते अजून तेथे आहे आणि लोक त्याखाली 'अगदी बरोबर' लिहीतच आहेत. येथे दिलेल्या सवलती तेथेही नोंदवाव्यात, एवढी विनंती. कपाटांविषयी मी एक शब्दही लिहिलेला नाही. आणि मुलांच्या छंदवर्गांचे काय, याचे उत्तर आपण अजून दिलेले नाही. टॉप-अपच्या धुरळ्यात ते सोयीने राहून गेले.

शून्यऋण

टिपणात दुरुस्ती करतो. छंदवर्ग एक चालेल, दोन नाही.

हिशेबनीस

'दुसरा हप्ता' यांनी १५ वर्षांच्या १८३ या आकड्याला अजून उत्तर दिलेले नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

दुसरा हप्ता

११४.५.