कोल्हापुरात राहून सॉफ्टवेअर डेव्हलपरचे बरे काम मिळेल का?

प्रश्न : कळंबेकर

नमस्कार. मी चार वर्षांपासून हिंजवडीतील एका कंपनीत जावा आणि स्प्रिंग बूटवर बॅकएंडचे काम करतो. वडिलांची तब्येत पाहता दिवाळीपूर्वी कोल्हापूरला कायमचे परतण्याचे जवळजवळ ठरले आहे. नोकरीच्या पोर्टलांवर कोल्हापूर टाकून शोधले, की एकतर नवपदवीधरांसाठी वेबसाइट बनवण्याच्या जागा दिसतात, नाहीतर सॉफ्टवेअर विकणाऱ्या सेल्समनच्या. केआयटी, डी. वाय. पाटील, सांगलीचे वालचंद, साखराळ्याचे राजारामबापू अशा महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणारी बहुतेक मुले पुण्या-बंगळुरूची गाडी पकडतात, यावरून इथे काम नाहीच असे समजावे का? पगार कमी असला तरी चालेल. पण पुढेमागे पुन्हा पुण्यात मुलाखतीला बसायची वेळ आली, तर सांगण्यासारखे काही केलेले असावे, एवढीच अपेक्षा आहे.

उत्तर : उद्यमनगरवाला

काम आहे, पण त्याची जाहिरात होत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतील फाउंड्र्या (धातूचे ओतकाम करणारे कारखाने), मशीन शॉप, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि प्रोसेस हाउस, साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था या सगळ्यांना सॉफ्टवेअर लागते आणि ते आजवर गावातल्याच पाच-दहा माणसांच्या फर्मांनी लिहिलेले आहे. त्यातले पुष्कळ अजून व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत चालते, जिच्यात कोड लिहिण्याच्या साधनाचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २००८ मध्येच थांबवला.

फाउंड्रीचेच उदाहरण देतो, कारण बाहेरून ते काम किरकोळ वाटते. भट्टीतून एका वेळी निघालेल्या धातूला हीट नंबर मिळतो आणि स्पेक्ट्रोमीटरचा (धातूतील घटकांचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्राचा) अहवाल त्या नंबराला जोडला जातो. पुढे कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, फेटलिंग (जादा धातू काढून साफसफाई) होऊन मशिनिंगसाठी दुसऱ्याच्या शेडमध्ये जॉबवर्कला जाते, तिथून काही नग रिजेक्ट होऊन परत येतात, काही दुरुस्त होतात, काही पुन्हा वितळवले जातात. सहा महिन्यांनी वाहन कंपनीची तक्रार आली, की हा नग कोणत्या हीटचा आणि त्या हीटमध्ये सिलिकॉन किती होते, हे लगेच सांगावे लागते. शिवाय जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल जीएसटी कायद्यानुसार वर्षाच्या आत परत आला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असे धरले जाते. म्हणजे माल पाठवतानाच्या प्रत्येक चलनातील (चलानमधील) शिल्लक नगांचा हिशेब चोख हवा. त्यातच १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) सक्तीचे झाले आणि इतके दिवस टॅली व एक्सेलवर भागवणारे लहान कारखानदारही प्रोग्रामर शोधू लागले. हे सगळे नीट बसवून दाखवणाऱ्या माणसाकडे मुलाखतीत सांगण्यासारखे काही नसेल, असे मला तरी वाटत नाही.

उत्तर : राजारामपुरी सातवी गल्ली

वरील चित्र खरे आहे, पण अर्धे आहे. लहान फर्ममध्ये तुम्हीच डेव्हलपर, तुम्हीच टेस्टर आणि महिनाअखेरीस रिपोर्ट जुळत नाही म्हणून रात्री फोन उचलणारेही तुम्हीच. तुमचा कोड तपासणारा वरिष्ठ बहुधा नसतो, आणि चार वर्षांच्या अनुभवावर हीच उणीव सर्वांत जास्त जाणवते. गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) वापरत नाहीत अशी ठिकाणे आजही आहेत, तेव्हा मुलाखतीला गेल्यावर हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

दुसरे असे, की काही ठिकाणी दोन-तीन वर्षांचा बाँड लिहून घेतात आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतात. माझ्या परिचयातील एकाची पदविकेची कागदपत्रे अशीच अडकली होती आणि ती सोडवण्यासाठी त्याला वकिलाची नोटीस द्यावी लागली. मूळ कागद दाखवावेत, हातात देऊ नयेत. भविष्य निर्वाह निधी भरतात का, हेही मालकाला नव्हे तर तिथे काम करणाऱ्यालाच विचारावे.

उत्तर : दूरस्थ

माझे मत वेगळे आहे. राजीनामा देण्याआधी सध्याच्याच कंपनीकडे कोल्हापुरातून काम करण्याची परवानगी मागा. पुणे सुमारे २३० किलोमीटरवर आहे, त्यामुळे महिन्यातून एक-दोन वेळा कार्यालयात हजेरी लावणे जमण्यासारखे आहे. आठवड्यातून तीन दिवस या अटीवर मात्र जमणार नाही, रस्त्यावरच आयुष्य जाईल. तोंडी ‘हो’ म्हणणाऱ्या मॅनेजरवर विसंबू नका, कारण मॅनेजर बदलला की तो होकारही जातो. ठिकाणातील बदल एचआरकडून लेखी घ्या.

परदेशी ग्राहकासाठी कंत्राटी काम घेतले, तर आकडा मोठा दिसतो. पण त्यात भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा आणि विमा यांपैकी काहीच नसते. वडिलांच्या आजारपणासाठी तुम्ही परतत आहात, म्हणून सांगतो : कंपनीच्या समूह विम्यात आईवडील असतील, तर ते संरक्षण सोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करा, कारण आधीपासून असलेल्या आजारासह नवी पॉलिसी काढताना प्रतीक्षाकाळ लागतो. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली, की जीएसटी नोंदणीही आली. इंटरनेट दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ठेवा. वळवाच्या पावसात वीज गेली, की इन्व्हर्टरवर राउटर चालतो, पण खांबावरची केबल तुटलेली असते.

कळंबेकर

सर्वांचे आभार. विमा माझ्या लक्षातच आला नव्हता. आईवडील दोघेही कंपनीच्या पॉलिसीत आहेत, त्यामुळे आधी लेखी बदलीचाच प्रयत्न करतो. ती नाकारली गेली, तर उद्यमनगरवाला यांनी सांगितलेल्या वाटेने जाईन. पण फाउंड्रीत ओळख नसताना शिरायचे कसे? मालकाला थेट ईमेल करावा का?

उद्यमनगरवाला

ईमेल बहुधा उघडलाच जात नाही. कारखान्यांचे हिशेब पाहणाऱ्या सीएंच्या कार्यालयात जा, कारण कोणाचे चलन जुळत नाही आणि कोणाचा प्रोग्रामर काम अर्धवट सोडून गेला, हे तिथे आधी कळते. ओळख निघाली, की मालकाच्या केबिनमध्ये सादरीकरण करण्यापेक्षा डिस्पॅचच्या टेबलापाशी अर्धा दिवस बसण्याची परवानगी मागा आणि तिथला माणूस कोणती एक्सेल शीट दिवसभर उघडी ठेवतो, ते पाहा. त्याच शीटचे काम आधी करून द्या, आणि त्याचे पैसे पहिल्याच दिवशी ठरवा. ‘आधी करा, मग बघू’ म्हणणारे इथेही कमी नाहीत.