शेल स्क्रिप्टिंग शिकू, की थेट पायथन?

नवशिका_०७: लिनक्सवर येऊन महिना झाला. फोल्डर बदलणं, फाइली हलवणं, ग्रेपने शोधणं जमतं. आता बॅश (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे शेल) स्क्रिप्ट शिकायला घेतली, तर इफच्या चौकटी कंसाला खेटून अक्षर लिहिलं म्हणून तासभर डोकं आपटलं. तिथे स्पेस लागते म्हणे! बॅशचं मूळ, बॉर्न शेल, आलं 1979 मध्ये; त्याचे हट्ट आज कशाला पुरवायचे? माझं मत : कमांड पुरेत, स्क्रिप्ट पायथनमध्ये.

खटपट्या: घाई करताय. सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलीत) कुठला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) किती वेळा आलाय हे बघायचंय समजा. ऑक कमांडने पहिला रकाना काढा, सॉर्ट करा, युनिककडून मोजून घ्या, पुन्हा आकड्यांनुसार उलटा सॉर्ट. तीन पाइप (एका कमांडचं उत्तर पुढचीला देणारे), एक ओळ, काम फत्ते. (पहिला सॉर्ट गाळू नका. युनिकला लागोपाठच्या सारख्या ओळीच कळतात. मी गाळला होता आणि ते आकडे साहेबांना पाठवलेही होते.)

तिरकस: ही कमांड झाली हो, स्क्रिप्ट कुठाय? कमांड-लाइन शिकावी यात वादच नाही. पण व्हेरिएबलं आली की शेल दगा देतं. 'जुने फोटो' हे फोल्डरचं नाव व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि अवतरणचिन्हांशिवाय आरएम उणे आरला (फोल्डर पुसणारी कमांड) द्या. त्याला 'जुने' आणि 'फोटो' अशी दोन नावं दिसतात. शेजारी खरंच 'फोटो' फोल्डर असेल तर तो गेला! आमच्याकडे तर व्हेरिएबल रिकामं निघालं. पुढे तिरका दांडा आणि तारा, म्हणजे थेट रूटपासून (सगळ्या फोल्डरांच्या मुळापासून) सफाई. बॅकअप होता म्हणून नोकरी आहे.

खटपट्या: सुरुवातीला सेट उणे यू लिहिलं असतंत तर स्क्रिप्ट तिथेच थांबली असती.

तिरकस: नसती थांबली. ते फक्त नेमलंच नाही असं व्हेरिएबल पकडतं. आमचं नेमलेलं होतं, पण रिकामं. त्याला महिरपी कंसात कोलन आणि प्रश्नचिन्ह लागतं. नवशिक्याने हे सगळं पाठ करायचं?

खटपट्या: हा मुद्दा मान्य. पाठ नका करू, शेलचेक (स्क्रिप्ट तपासणारा प्रोग्राम) चालवा, तो अशा बऱ्याच जागा दाखवतो. पण क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा), डॉकरफाइल (कंटेनर बांधायच्या सूचना), सिस्टिम चालू होतानाच्या स्क्रिप्टा, जिकडे जाल तिकडे दुसऱ्याने लिहिलेलं शेल पुढ्यात येतं. लिहू नका हवं तर, वाचता यायलाच हवं.

रात्रपाळी: त्यात भर. बॅशमध्ये चाललेली स्क्रिप्ट एसएच म्हणून चालवली की उबुंटूवर मोडू शकते, कारण 2006 च्या 6.10 पासून तिथे एसएच म्हणजे डॅश, हे बॅशहून वेगळं, साधं शेल. पहिली ओळ (कुठल्या शेलने चालवायचं ते सांगणारी) नीट लिहा, एवढंच सांगतो. झोपतो आता.

नवशिका_०७: खटपट्यांची ओळ चालवली. सगळ्यात जास्त वेळा आलेला 'आयपी' म्हणजे कालची तारीख. माझ्या लॉगमध्ये आयपी तिसऱ्या रकान्यात आहे. ऑकमधला आकडा बदलतोय.