कानोव्हाच्या प्लॅस्टरच्या पुतळ्यांवर ते काळे ठिपके कसले? आणि कारागिरांनी कोरलं तर पुतळा कुणाचा म्हणायचा?

शाडूवाला_सातारा:
नमस्कार मंडळी. आमचा साताऱ्यात गणपतीचा कारखाना आहे, आजोबांपासूनचा. मी काय आर्ट स्कूलला गेलेलो नाही, जे शिकलो ते अण्णांच्या हाताखाली. परवा रात्री झोप येईना म्हणून मोबाईल चाळत होतो तर आंतोनिओ कानोव्हा नावाच्या इटालियन शिल्पकाराचे फोटो लागले. तो क्युपिड आणि सायकीचा पुतळा, पंखवालं पोरगं खाली वाकलंय आणि ती पडल्या पडल्या दोन्ही हात वर करून त्याचं डोकं धरतीये, दोघांच्या हातांचं मधी गोल कडं झालंय. बघून उठूनच बसलो राव. दगड आहे तो!

मग शोधत गेलो तर त्याच पुतळ्यांचे प्लॅस्टरमधले फोटो दिसले आणि त्यावर सगळीकडं काळे ठिपके, कांजण्या आल्यासारखे, गालावर मांडीवर बोटांवर सुद्धा. ते कसले? दुसरं म्हणजे कुठंतरी वाचलं की संगमरवर तो स्वतः कोरायचाच नाही, पगारी माणसं कोरायची. खरं आहे का?

विचारायचं कारण सांगतो. मागच्या सीझनला एक गिऱ्हाईक मूर्ती बघून म्हणालं, "साच्यातनं तर काढता, यात तुमचं काय हो?" अण्णा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत. मला तवापासून ते डोक्यात बसलंय. आणि तिसरं, अण्णांच्या हातची दीड फुटाची जुनी शाडूची मूर्ती आहे, ती तशीच्या तशी तीन फुटात न्यायचीय. अंदाजानं केली की चेहरा बदलतो, दोनदा करून मोडली.

छिन्नी_हातोडा:
दादा, तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे. ते ठिपके म्हणजे खिळे. धातूचे बारके खिळे प्लॅस्टरमध्ये मारलेले असतात, मापाच्या खुणा म्हणून. मी शिल्पकलेचा डिप्लोमा केलाय, आम्हाला दुसऱ्या वर्षाला हेच करायला लावलं होतं, तेव्हा जीव नको झाला होता.

कानोव्हाची पद्धत अशी. आधी मातीत वीतभर उंचीचं कच्चं मॉडेल. ते जमलं की आत लोखंडी सांगाडा घालून मूळ साईजचा मातीचा पुतळा. त्याचा साचा, साच्यातनं प्लॅस्टर. (साच्यातनं! त्या गिऱ्हाइकाला सांगा.) मग प्लॅस्टरवर खिळे. आता प्लॅस्टरच्या डोक्यावर एक लाकडी चौकट आणि शेजारी दगडाच्या डोक्यावर तशीच दुसरी चौकट, दोन्हीला ओळंबे सोडलेले, गवंडी वापरतो तेच. ओळंब्याच्या दोरीपासनं खिळा किती आत आहे, जमिनीपासून किती वर आहे, ते मोजायचं आणि दगडात तेवढंच आत भोक पाडायचं. अशी शेकडो भोकं. मग कारागीर मधला दगड काढत भोकाच्या तळापर्यंत जातो, पण शेवटचा पातळ थर ठेवतो.

तुम्हाला डबल करायचंय ना, मग दुसरी चौकट दुप्पट करा आणि प्रत्येक माप गुणिले दोन. मातीत करणार असाल तर उलटं, भोक पाडायचं नाही, काडी खोचायची आणि काडीच्या टोकापर्यंत माती चढवत यायची. चेहऱ्यावर खुणा जास्त घ्या, नाकाचा शेंडा, ओठांचे कोपरे, डोळ्याचे चारी कोपरे. पोटावर कमी चालतील.

कृष्णाकाठ:
मी सांगलीचा, चित्रकला शिक्षक म्हणून रिटायर झालो. कानोव्हा हा माझा जुना आवडता माणूस, त्यामुळं थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

जन्म 1757, व्हेनिसच्या वरच्या बाजूला पोसान्यो नावाचं खेडं. वडील दगडकाम करणारे, ते पोर चार वर्षांचं व्हायच्या आत गेले, आईनं दुसरं लग्न केलं आणि हे पोर आजोबांकडं राहिलं. आजोबाही पाथरवटच. म्हणजे शाडूवाले, तुमच्यासारखंच, शाळा म्हणजे घरचा कारखाना. लहानपणी कुणा सरदाराच्या मेजवानीत लोण्याचा सिंह करून दिला अशी गोष्ट सांगतात, ती गोष्टच समजा. पण पुढं रोमला सेंट पीटर्समध्ये पोप तेराव्या क्लेमेंटची समाधी त्यानं केली, तिथले दगडाचे दोन सिंह मात्र खरे आहेत, एक जागा आणि एक झोपलेला. त्या कामात ड्रिलचा दाब छातीवर घेऊन घेऊन त्याच्या बरगड्या आत गेल्या असं त्याच्या चरित्रात येतं. पगारी माणसांवर सोडून बसणाऱ्याच्या बरगड्या आत जात नाहीत.

कारागीर होते हे खरंच आहे. कुणी दगड सोलायचा, कुणी कपड्याच्या चुण्या, कुणी पॉलिश. पण तो जो पातळ थर वर सांगितलाय, तो कानोव्हा स्वतः काढायचा. कातडीचा पोत, ओठ, केस, बोटांची पेरं. त्याला शेवटचा हात म्हणायचे. रात्री दिव्याच्या उजेडात काम करायचा, कारण दिवसा न दिसणारा उंचसखलपणा तिरप्या उजेडात लगेच दिसतो. नेपोलियनची बहीण पाओलिना हिचा पुतळा (1805 ते 1808, रोमच्या बोर्गेझे गॅलरीत आहे) फोटो मोठा करून बघा. ती कोचावर रेललीये, तिच्या वजनानं गादी दबलीये आणि दबलेल्या जागेच्या भोवती चुण्या पडल्यात. माणूस आधी चेहरा बघतो, मी पोरांना आधी ती गादी दाखवायचो.

आणि तुमच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी कोण करतं हो? पोरं करतात का?

शाडूवाला_सातारा:
नाही सर, अण्णाच. ओतकाम, काथ्या लावणं, सांधे घासणं, रंगाचा बेस हे सगळं पोरं आणि मी. आखणी फक्त अण्णा. पहाटे उठून करतात, कारखान्यात कुणाला बोलू देत नाहीत. आता वय झालं, हात थोडा कापतो, पण ब्रश मूर्तीला टेकला की कापायचा थांबतो. कसं ते त्यांनाच ठाऊक.

छिन्नी दादा, "गुणिले दोन" हे एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. करून बघतो.

वाकडंबोलणारा:
सगळे आरती ओवाळायला लागलेत म्हणून मी जरा उलटं बोलतो. मला कानोव्हा गुळगुळीत वाटतो. साबणाच्या वडीसारखा. आणि ही खिळ्यांची पद्धत म्हणजे एकदा प्लॅस्टर झालं की दगडाला विचारायचंच नाही की बाबा तुझ्या मनात काय आहे. हेन्री मूर नावाच्या इंग्रज शिल्पकाराला हेच आवडायचं नाही. लंडनला शिकत असताना त्याला मशीननं मापं घेऊन एक जुनं शिल्प दगडात उतरवायला सांगितलं होतं, त्यानं सरळ डोळ्यानं बघून कोरलं आणि मापाची भोकं नंतर खोटी पाडली, दिसायला हवीत म्हणून. तुम्ही साताऱ्याचे ना, मग औंधला जाऊन या, यमाईच्या डोंगरावर पंतप्रतिनिधींचं म्युझियम आहे त्यात मूरचं आई आणि मूल आहे. एसटीच्या तिकिटात बघून होतं, रोमला जायला नको.

बाकी नेपोलियनची फजिती कुणी सांगितली नाही अजून. कानोव्हानं त्याचा साडेतीन मीटरच्या आसपास उंचीचा पुतळा केला, नागडा, ग्रीक देवासारखा. 1811 ला नेपोलियननं बघितला आणि म्हणे लोकांना दाखवू नका. वॉटर्लूनंतर इंग्रज सरकारनं तो विकत घेतला आणि दिला कुणाला, तर वेलिंग्टनला, ज्यानं त्याला हरवला त्यालाच! लंडनच्या घरात जिन्याखाली उभा आहे, वजनासाठी खालची जमीन मजबूत करावी लागली.

कृष्णाकाठ:
वाकडं राव, गुळगुळीत हा आरोप त्याच्यावर जुनाच आहे आणि थोडा खराही आहे, त्याचा पर्सियस (ग्रीक गोष्टीतल्या वीराचा पुतळा) मलाही थंड वाटतो. पण पर्सियसची जागा बघा. नेपोलियनच्या फौजेनं रोममधली जुनी शिल्पं पॅरिसला पळवली, त्यात अपोलो देवाचा जुना पुतळाही गेला. त्याच्या मोकळ्या चौथऱ्यावर पोपनं कानोव्हाचा पर्सियस उभा केला. आणि 1815 ला पोपनं पॅरिसला पाठवला कुणाला, तर कानोव्हालाच, आणि त्यानं अपोलो, लाओकून (सापांच्या विळख्यातल्या बापलेकांचं जुनं शिल्प) असं बरंच परत आणलं. म्हणजे स्वतःच्या पुतळ्याला जिथं मान मिळाला होता, तिथला मूळ मालक हा स्वतः जाऊन घेऊन आला. पार्थेनॉन या अथेन्सच्या जुन्या देवळाची फुटकी शिल्पं दुरुस्त कर म्हणून ती तिथून नेणाऱ्या लॉर्ड एल्गिननं विचारलं तेव्हाही याला हात लावणं पाप आहे अशा अर्थाचं बोलून नाही म्हणाला. दुसऱ्याच्या शेवटच्या हाताची त्याला किंमत होती.

छिन्नी_हातोडा:
साच्याबद्दल अजून एक. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या विधानभवनासाठी त्यानं जॉर्ज वॉशिंग्टनचा पुतळा करून दिला होता, 1821 ला बसला आणि 1831 ला इमारत जळाली त्यात पुतळा गेला. संगमरवर गेला पण प्लॅस्टर पोसान्योला शिल्लक राहिलं, आणि 1970 ला त्याच रूपात नवा संगमरवरी पुतळा तिथं परत बसवला. पोसान्योचं ते प्लॅस्टरचं म्युझियम पहिल्या महायुद्धात तोफांनी फुटलं होतं, तेही जोडून जोडून उभं केलं. 2020 मध्ये एक पर्यटक फोटोसाठी पाओलिनाच्या प्लॅस्टरवर बसला आणि तिच्या पायाची बोटं मोडली, ती बातमी आठवत असेल.

ताईसाहेब_मिरज:
मी फक्त वाचत होते पण हे राहिलं म्हणून लिहिते. 1822 ला तो व्हेनिसमध्ये गेला तेव्हा शरीर पोसान्योला नेलं, हृदय व्हेनिसच्या फ्रारी चर्चमधल्या पिरॅमिडसारख्या स्मारकात ठेवलं (त्या स्मारकाचं डिझाईन त्यानंच केलेलं, पण टिशन या जुन्या चित्रकारासाठी), आणि उजवा हात वेगळा काढून तिथल्या आर्ट अकॅडमीनं जपून ठेवला. मला तर वाचून कसंसंच झालं. तुम्ही अण्णांचा व्हिडिओ काढून ठेवा, आखणी करतानाचा, तेवढं पुरे.

शाडूवाला_सातारा:
ताई, व्हिडिओ काढायला गेलो तर म्हणाले सरक, उजेड अडवतोयस.

अपडेट: चौकटी केल्या, जुन्या खिडकीच्या पट्ट्या होत्या त्याच्या. सोंडेपर्यंत मापं बरोबर आली, अण्णा लांबनं बघून गेले, काही बोलले नाहीत म्हणजे बरं चाललंय. पण डावा कान अर्धा इंच खाली येतोय. तीनदा मोजलं, माप बरोबर आहे तरी खालीच.

छिन्नी_हातोडा:
पाट लेव्हलमध्ये आहे का ते बघा आधी. आणि पंखा बंद करा, ओळंबा हलतोय तुमचा.