रॉटरडॅमहून एका दिवसाची सायकल: पवनचक्क्या, तळी, पोल्डर (पाणी उपसून मिळवलेली सखल जमीन) सगळं जमेल का?

मे मध्ये भावाकडे रॉटरडॅमला जातोय, बायको पण सोबत आहे. सायकलिंगची सवय फार नाही. फक्त किंडरडाइक (जवळचं पवनचक्क्यांचं गाव) करावं की अजून काही? सगळे तेच सांगतायत.

सायकलवेडा: किंडरडाइकला 19 चक्क्या आहेत, 1997 पासून युनेस्कोच्या यादीत, बघण्यासारखं आहेच पण दुपारी गर्दी जाम असते. मी तुमच्या जागी असतो तर रॉटे नदीच्या काठाकाठानं उत्तरेला गेलो असतो, शहरातूनच सुरू होतं, मग रॉटेमेरेन तळं लागतं आणि पुढे झेवनहाउझनजवळ चार चक्क्या ओळीनं उभ्या दिसतात. एक पाणी उचलते, पुढची त्याहून वर, असं चौघी मिळून पोल्डरचं पाणी नदीत टाकतात. नदी वर, शेतं खाली, डोकं गरगरतं बघताना. बाजूचा झाउडप्लास पोल्डर तर काही ठिकाणी समुद्रसपाटीपेक्षा 6 मीटरहून खाली आहे.

पुणेकर_डेल्फ्ट: +1. चढ नाही म्हणून खूष होऊ नका, वारा आहे ना! बहुतेक नैऋत्येकडून येतो, म्हणजे परतताना तोंडावर, तेव्हा ताकद राखून ठेवा. सायकलवाटांच्या चौकात नंबरच्या पाट्या असतात, वाटेतले नंबर क्रमानं कागदावर लिहून घ्या आणि एका नंबरवरून पुढच्या नंबरकडे जात राहा, नकाशा लागत नाही.

सायकलवेडा: आणि किंडरडाइक हवंच असेल तर वॉटरबसनं जा, सायकल बोटीवर चढते. वहिनींना पण आवडेल.

प्रश्नकर्ता: मग रॉटेच. थकलो तर सायकल ट्रेनमध्ये चालते का?

पुणेकर_डेल्फ्ट: चालते, वेगळं तिकीट काढावं लागतं. वीकडेला ऑफिसच्या गर्दीच्या वेळी मात्र नाही.